सोसायटीत बायकोचं नाव चढवलं म्हणजे ती मालक झाली का? असोसिएट मेंबर आणि सहमालक यातला फरक

"काका, हिचं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर चढवून द्या ना, म्हणजे फ्लॅट दोघांचा झाला." मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हे घेऊन दारात उभं असायचं, बहुतेक वेळा रविवारी जेवायच्या टायमाला. मी म्हणायचो, अरे बाबा, नाव मी लिहीन, पण मालक करणं माझ्या हातात नाही.

या घोळाला जुना कायदा पण जबाबदार आहे. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात आधी असोसिएट मेंबर म्हणजे शेअर्स जॉइंट आहेत पण सर्टिफिकेटवर नाव पहिलं नाही असा माणूस, मग लोक काय करायचे, अॅग्रीमेंट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि सर्टिफिकेटवर बायकोचं नाव पेनाने लिहून घ्यायचे, खाली गोल शिक्का, की झालं समाधान. 2019 च्या दुरुस्तीत हे दोन वेगळे केले. फ्लॅटमध्ये ज्याचा खरोखर हक्क आहे पण नाव पहिलं नाही तो जॉइंट मेंबर. आणि असोसिएट म्हणजे नवरा, बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलं, सून, जावई, पुतणे-भाचे यांच्यापैकी कोणी, ज्याला सभासदाने लेखी शिफारस करून आत घेतलंय, त्याचं नाव सर्टिफिकेटवर नसतंच. सभासदाच्या लेखी संमतीने तो त्याच्या जागी मीटिंगला बसेल, मत देईल. बास. घरात एक वीटसुद्धा त्याची होत नाही.

सहमालकी येते रजिस्टर झालेल्या दस्तातून. घर घेतानाच अॅग्रीमेंटमध्ये दोघांची नावं टाकली तर सगळ्यात सोपं. नंतर टाकायचं असेल तर साधारणपणे बक्षीसपत्र म्हणजे गिफ्ट डीड करतात, त्यात किती हिस्सा देतोय ते स्पष्ट लिहायचं, दोन साक्षीदार, बायकोने ते स्वीकारलं पाहिजे आणि रजिस्ट्रेशन कंपल्सरी. राहतं घर नवरा-बायकोत गिफ्ट केलं तर महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी 200 रुपये आहे, बाकी अधिभार, वकील वगैरे वेगळं, त्यामुळे खर्चाच्या भीतीने सर्टिफिकेटवर भागवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी घ्या. आणि हो, बायको लोनला को-बॉरोअर आहे म्हणजे मालक आहे असं पण नाही, हप्त्याची जबाबदारी मात्र पूर्ण.

दोन गोष्टी करायच्या आधी माहीत पाहिजेत. एक, दिलेलं गिफ्ट उद्या भांडण झालं म्हणून परत मागता येत नाही. दुसरं, गिफ्टवर बायकोला टॅक्स नाही, पण फ्लॅट भाड्याने दिला तर तिच्या त्या हिश्श्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

आणि दोघांची नावं असली की एक गेल्यावर सगळं दुसऱ्याचं, हेही आपोआप होत नाही बरं का. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याचा हिस्सा बायको, मुलं आणि त्याची आई यांच्यात वाटला जातो, नॉमिनी कोणीही असो.

खात्री करायची असेल तर सर्टिफिकेट कपाटात राहू दे, इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, काढून बघा, घेणाऱ्याच्या रकान्यात कोणाची नावं आहेत ते. त्या रविवारी आलेल्यांपैकी एकाला मी हेच करायला लावलं. सर्टिफिकेटवर त्याचं नाव होतं, वडील गेल्यावर नॉमिनी म्हणून चढवलेलं. इंडेक्स टूवर अजून वडीलच होते, आणि त्याला दोन बहिणी आहेत. बायकोचं बक्षीसपत्र राहिलं बाजूला, आधी तो स्वतः किती मालक आहे तेच वकिलाकडे विचारायला गेला.