वार्ताहर-पंच-प्रशिक्षक (बडोद्यातील क्रीडापरंपरा)

पहाटे मुलांना खेळ शिकवायचा, संध्याकाळी दुसऱ्या संघांच्या सामन्यात तोंडात शिट्टी धरायची आणि रात्री त्याच सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राकडे धाडायची. ही तिन्ही कामे एकाच माणसाने करण्याची बडोद्याच्या मराठी क्रीडावर्तुळातली जुनी चाल. खो-खो, कबड्डी, मल्लखांब या देशी खेळांत ती विशेष रुजली. क्रिकेटमध्ये ती फारशी टिकली नाही. अशा माणसाला वेगळे पदनाम नसते. मैदानावर तो ‘सर’ असतो (आधीच्या पिढीत ‘मास्तर’ किंवा ‘वस्ताद’), गुणपत्रिकेवर ‘पंच’ आणि छापील बातमीवर ‘आमच्या वार्ताहराकडून’.

पार्श्वभूमी : सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या राज्यात दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने वाढल्या, तालमी आणि वाचक. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाले आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू झाले. १९१० नंतर गावोगाव ग्रंथालये व वाचनालये उभी राहिली. दुसरीकडे जुम्मादादा व्यायाममंदिरातून प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) यांनी व्यायामाला शिस्त, सांघिक कवायत आणि देशी भाषेतले हुकूम दिले. तिथे शिकलेल्या पुराणी बंधूंनी ही चळवळ पुढे गुजरातभर नेली. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यातच बसून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा मराठी खंड संपादित केले. अंगमेहनतीची विद्या कागदावर उतरवायची, हा या शहराचा पिंडच म्हणायला हरकत नाही. इतर ठिकाणचे वस्ताद डाव शिकवून मोकळे होत. बडोद्याचे वस्ताद डाव शिकवून झाल्यावर त्याची आकृती काढायला बसत.

या पिंडाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे खेळांचे छापील नियम. हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे (म्हणजे कबड्डीचे) नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरवली. खो-खोच्या नियमांचा विचार पुण्यात १९१४ पासून सुरू होता. ते छापील रूपात बडोद्याहून १९२४ मध्ये बाहेर पडले. नियम छापले गेले की वाद मिटतात, असे बाहेरच्या माणसाला वाटते. मैदानावर मात्र खरे वाद तेव्हापासूनच सुरू होतात, कारण आता दोन्ही बाजूंच्या हातात पुस्तिका असते. वाद सोडवायला पंच हवा आणि पंचाला पुस्तिका पाठ हवी. ती पाठ असणारी माणसे तीच, ज्यांनी ती मुलांना शिकवली होती. सामन्याचा वृत्तान्त समजेल असा लिहू शकणारीही तीच. तीन कामे एका खांद्यावर आली ती अशी. त्यामागे कुणाची योजना नव्हती. माणसेच मोजकी होती.

वर्तमानपत्रांची स्थितीही याला पोषक होती. दामोदर सावळाराम यंदे यांचे ‘सयाजीविजय’ किंवा भगवंतराव पाळेकर यांचे १९१७ मध्ये सुरू झालेले ‘जागृति’ ही बडोद्याशी बांधलेली मराठी पत्रे. मूठभर माणसांवर चालणाऱ्या अशा पत्रांना खेळासाठी वेगळा पगारी माणूस परवडण्यासारखा नव्हता. मराठी दैनिकात खेळाला रोजचे स्वतंत्र पान मिळाले ते पुढे मुंबईत, १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला आणि वि. वि. करमरकरांनी तिथे देशी खेळांनाही क्रिकेटच्या शेजारी बसवले तेव्हा. तोवर संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि १ मे १९६० पासून बडोदे गुजरातेत होते. साहजिकच नंतरच्या वार्ताहराला दोन लेखण्या बाळगाव्या लागल्या : गावातल्या दैनिकासाठी गुजराती आणि मुंबई-पुण्याकडे पाठवायची असेल तर मराठी.

पंचाचे काम : खो-खोच्या सामन्याला दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी आणि दोन गुणलेखक लागतात. मैदानाच्या दोन टोकांना १२० ते १२५ सें.मी. उंचीचे खांब. त्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले. नववा पाठलागावर. समोरचे गडी तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. एक पाळी नऊ मिनिटांची. प्रत्येक पंचाकडे मधल्या पट्टीच्या एका अंगाचे मैदान असते आणि क्षणोक्षणी त्याला एकाच वेळी पाच-सहा गोष्टी पाहायच्या असतात. खो पाठीमागूनच दिला का? हात लागला का आणि ‘खो’ ऐकू आला का? बसलेल्या गड्याच्या चौकोनातून जाणाऱ्या आडव्या पट्टीवरचा पाय सुटण्याआधी दिला का? बसलेला गडी खो मिळण्याआधीच उठला का? उठल्यावर घेतलेली दिशा मध्येच बदलली का? पाठलाग करणाऱ्याचे पाऊल मधल्या पट्टीला लागले का? हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. शिट्टी अर्ध्या सेकंदाने चुकली, तर तेवढ्यात टिपलेल्या गड्याचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

स्वतः शिकवणारा पंच इथे उजवा ठरतो, कारण नियम कुठे मोडणार हे त्याला आधी दिसते. नवशिक्या मुलांना बसवताना त्याने हजारदा ‘खो ऐकल्याशिवाय ढुंगण उचलायचं नाही’ असे ओरडून सांगितलेले असते. त्यामुळे कुठल्या गड्याच्या टाचा आधीच उचलल्या गेल्यात, हे हेरायला तो चेंगराचेंगरी होईपर्यंत थांबत नाही. कबड्डीतही तेच. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, ते कानांनी धरावे लागते. दम चोरायच्या लकबी ज्याने मुलांच्या मोडून काढल्या असतील, त्याच्या कानाला त्या चटकन कळतात.

पंच होण्यासाठी संघटनेची पंच परीक्षा द्यावी लागते. लेखी, तोंडी आणि मैदानावरची. आधी जिल्हा, मग राज्य आणि पुढे राष्ट्रीय पातळी. भारतीय खो-खो महासंघ १९५५ मध्ये स्थापन झाल्यावर आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यावर या परीक्षांना वजन आले. प्रशिक्षणाचा मार्ग वेगळा. पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडासंस्था सुरू झाल्यापासून ‘एनआयएस’ झालेला प्रशिक्षक म्हणजे अधिकृत, असा समज रूढ झाला. वार्ताहराला मात्र कुठलीच परीक्षा नाही. पोटापाण्यासाठी हा माणूस बहुधा शाळेत व्यायामशिक्षक, नाहीतर रेल्वेत किंवा बँकेत. पंचगिरीचे मानधन आणि प्रवासभत्ता यात चहापाणी सुटे, बातमीचे बहुधा तेवढेही नाही. घरच्यांचे या तिन्ही छंदांबद्दल काय मत असे, ते कुठल्याही क्रीडा-इतिहासात आलेले नाही. यायला हवे होते.

बातमीची घडण : खो-खोच्या मराठी बातमीला स्वतःचा एक साचा आहे. नवख्याला तो तारेच्या मजकुरासारखा तुटक वाटतो. ‘एक डाव राखून’, ‘मध्यंतराला दोन गुणांची आघाडी’, ‘लघुत्तम आक्रमणात (बरोबरी फोडण्याच्या जादा डावात) बाजी’ असे ठोकळे आणि मग प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडे. ‘२.१० व १.५० मि. संरक्षण, ४ गडी’ याचा अर्थ त्या खेळाडूने पहिल्या डावात दोन मिनिटे दहा सेकंद आणि दुसऱ्यात एक मिनिट पन्नास सेकंद हुलकावण्या देत तग धरला, शिवाय पाठलाग करताना चार जणांना टिपले. नऊ मिनिटांच्या पाळीत दोन मिनिटांवर टिकणे म्हणजे काय, हे जो पळाला आहे त्यालाच पुरते कळते. हे आकडे गुणलेखकाच्या तक्त्यातून येतात, आणि सामना संपल्यावर तक्ता पंचांच्या सहीसाठी समोर येतोच. म्हणजे वार्ताहर जर पंचच असेल, तर त्याला कुणाला विचारत फिरावे लागत नाही. सही करता करता तो मागच्या कोऱ्या कागदावर आकडे उतरवून घेतो. बातमी अचूक असते ती यामुळे.

याच साच्याची ठरलेली अखेरची ओळ म्हणजे ‘पंच म्हणून अमुक व तमुक यांनी काम पाहिले’. बातमी लिहिणारा स्वतःच त्यातला अमुक असला की ही ओळ त्याला स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहावी लागते. काहीजण ती गाळतात. काहीजण मुद्दाम ठेवतात, म्हणजे वाचणाऱ्याला निदान कळावे की हे कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे.

हितसंबंधांचा पेच : या चालीचा दोष तिच्या गुणाला चिकटूनच येतो. जो निर्णय देतो तोच बातमी लिहीत असेल, तर ‘पंचांचा निर्णय वादग्रस्त ठरला’ हे वाक्य छापून येणे कठीण. वादळी सामनेही बातमीत ‘चुरशीचे’ होऊन जातात. शिवाय त्याचे शिष्य मैदानावर असतील तर? लिखित नियमांआधीपासून यावर एक संकेत आहे : आपल्या मंडळाच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहायचे नाही. तो बहुतेक पाळला जातो. पण आपल्या शिष्यांना हरवू शकणाऱ्या संघाच्या उपान्त्य सामन्याला उभे राहायचे की नाही, याबद्दल संकेत काही बोलत नाही. बातमीतला पक्षपात तर याहून बारीक असतो. हरलेल्या आपल्या संघाला चार ओळी जास्त मिळतात, ‘झुंजार खेळ’ हे विशेषण लागते, एवढेच. त्यात खोटे काही नसते. जागा मात्र कुणाची तरी गेलेली असते.

तरीही पर्याय काय होता, हे पाहिले म्हणजे न्याय करताना हात आखडतो. त्या संध्याकाळी मैदानावर दुसरा कुणी वार्ताहर नव्हता. पक्षपाती बातमी किंवा बातमीच नाही, अशी निवड होती. देशी खेळांच्या जिल्हा पातळीवरच्या इतिहासाला आज जो आधार आहे, तो बव्हंशी अशाच कात्रणांचा. वाचताना थोडे हातचे राखावे लागते, पण कात्रणच नसते तर वाचायलाही काही नसते.

क्रिकेटशी तुलना : त्याच शहरात क्रिकेटचे गणित वेगळे होते. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. तिचा धावफलक जगभर पोचला. कोणत्याही गड्यासाठीचा तो विक्रम २००६ पर्यंत टिकला आणि चौथ्या गड्याचा तर अजून कायम आहे. ज्या खेळाचा धावफलक आपोआप जपला जातो, त्याला लिहिणारा पंच लागत नाही. राजघराणे, इंग्रजी वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्या आश्रयाने क्रिकेटमध्ये कामांची वाटणी लवकर झाली. अनेक टोप्या घालणारे तिथेही होते, फक्त वरच्या पायरीवर. फत्तेसिंहराव गायकवाड (१९३०–१९८८) रणजी खेळले, १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापक होते (कर्णधार बडोद्याचेच दत्ताजीराव गायकवाड), १९६३ ते १९६६ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि रेडिओवर समालोचनही करीत. दत्ताजीरावांचे पुत्र अंशुमान गायकवाड (१९५२–२०२४) कसोटीपटू, निवडसमितीचे सदस्य आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

एका माणसाने अनेक खुर्च्या अडवण्याचा प्रश्न क्रिकेटने कायद्याच्या भाषेत मांडला तो क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीनंतर. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी तिच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या आणि समालोचक, प्रशिक्षक, निवडकर्ता अशा भूमिका एकत्र असू नयेत असे ठरले. भारतीय संघाचा प्रशिक्षक निवडणाऱ्या तीन सदस्यांच्या सल्लागार समितीला २०१९ मध्ये याच मुद्द्यावर नोटीस गेली. अंशुमान त्या समितीत होते. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या खेळाला हा निकष योग्यच. तोच निकष जिल्हा खो-खोला लावायचा, तर निम्म्या स्पर्धा पंचांअभावी रद्द कराव्या लागतील.

आजची स्थिती : प्रो कबड्डी २०१४ मध्ये आणि अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून वरच्या पातळीवर ही तिन्ही कामे पुरती सुटी झाली आहेत. निर्णयावर दाद मागितली की पडद्यावर संथगतीने चित्र दिसते, पंच आणि समालोचक एकमेकांना ओळखतही नसतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याची बातमी लिहिणाऱ्यांत कधीही न पळालेले पुष्कळ होते. बातम्यांत ‘गडी’ जाऊन ‘पॉइंट’ आले आणि संरक्षणाच्या वेळा बऱ्याच ठिकाणी गळाल्या.

शालेय आणि जिल्हा स्पर्धांत मात्र जुनी चाल चालूच आहे, फक्त साधने बदलली. मैदान लाल मातीचे असो वा मॅटचे, शेवटची शिट्टी झाली की पंच गुणपत्रिकेचा फोटो काढतो, निकाल मोबाइलवरच मराठीत नि गुजरातीत टाइप करतो आणि दोन-तीन वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींना एकदम पाठवून देतो. त्याला आता तारेचा खर्च नाही, रात्री स्टेशनवर पाकीट नेऊन देणे नाही. आकडे पूर्वीसारखेच अचूक असतात, आणि ‘पंच म्हणून काम पाहिले’ ही ओळ जागेअभावी बहुतेक वेळा कापली जाते.