टोल्याला स्वतंत्र पेसा गाव कसं करायचं? : गडचिरोलीतील अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 भरली. क्षेत्रफळ मात्र चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर. वस्ती इतकी विरळ की एका ग्रामपंचायतीत जंगलात विखुरलेली कितीतरी गावं आणि टोले (लहान वस्त्या) येतात. टोल्याची माणसं मोजली जातात ती महसुली गावाच्या आकड्यात. ग्रामसभा भरते पंचायतीच्या गावी, आणि तिथं जायला अर्धा दिवस मोडतो.

यावर पेसा कायद्यात (अनुसूचित, म्हणजे जाहीर झालेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा केंद्राचा कायदा, 1996) आणि महाराष्ट्राच्या 4 मार्च 2014 च्या पेसा नियमांत वाट आहे. आधी एक गैरसमज काढून टाका. पेसा गाव झालं म्हणजे नवी ग्रामपंचायत किंवा नवा सरपंच मिळत नाही, आणि सातबाऱ्यावरचं गावही बदलत नाही. मिळते ती स्वतःची ग्रामसभा आणि स्वतःचा ग्रामसभा कोष. तेंदू, बांबूसारखं गौण वनोपज, गौण खनिज, दारूबंदी अशा बाबींत आपल्या सभेचा शब्द धरला जातो. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे टोल्याची खरी लोकसंख्या कागदावर येणं पुढंही कामी येतं.

पात्रतेची पहिली अट म्हणजे वस्ती अनुसूचित क्षेत्रात हवी. जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो, पण सगळा नाही. पंचायत समितीत यादी पाहून घ्या. दुसरी अट, तिथला समाज आपले व्यवहार रूढी-परंपरेनं चालवत असला पाहिजे. किमान लोकसंख्येची अट नाही. तीस-चाळीस घरांचा टोलाही अर्ज करू शकतो.

सगळा जीव ठरावात आहे. टोल्यातल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी तो मंजूर करावा लागतो. सभेला आलेल्यांपैकी निम्मे धरून चालत नाही. इथंच बहुतेक गावं अडकतात. जानेवारीनंतर माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, मे महिन्यात तेंदूच्या फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) असतात. भाताची रोवणी आटोपली की पोळ्याच्या सुमारास सभा घ्या, तेव्हा बहुतेक जण घरी सापडतात. ठरावात टोल्याचं नाव, आताची ग्रामपंचायत आणि पारंपरिक सीमा स्पष्ट लिहा: पूर्वेला कोणता नाला, दक्षिणेला कोणती पहाडी, देवाचं ठाणं कुठं. ‘पूर्वीपासूनची हद्द’ एवढंच लिहिलं तर पडताळणीत शेजारच्या गावाशी वाद ठरलेलाच.

सोबत जोडायला: सह्या-अंगठ्यांसह ठरावाची प्रत, टोल्यातल्या मतदारांची नावं खूण केलेली मतदार यादी, हातानं काढलेला नजरी नकाशा, कुटुंबवार लोकसंख्या (अंगणवाडीच्या नोंदवहीवरून पटकन जमते), आणि गायता, भूमिया (गावचे पारंपरिक प्रमुख, पुजारी), गोटूल (समाजाचं एकत्र जमायचं घर) यांबद्दल अर्धं पान. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर असेल तर त्याची प्रत अवश्य लावा. हद्दीचा त्याहून भक्कम पुरावा नाही. घरटी आधार कार्डांचे गठ्ठे जोडत बसू नका.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांसाठी एटापल्लीला. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. तिची संमती ही अट नाही, पण सरपंचाला आधी विश्वासात घेतलं तर निम्मी कटकट वाचते. दोन्हीकडून तारीख-शिक्क्याची पोच घ्या, कारण नियमांत चौकशीला मुदत आहे आणि ती मोजायची तर पोचेवरूनच.

पडताळणीला अधिकारी टोल्यावर येतील तेव्हा हद्द दाखवायला जाणती माणसं हजर ठेवा. तिथून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मग नागपूरला विभागीय आयुक्तांकडे जातं. अधिसूचना निघाली की तिची प्रत घेऊन पहिली ग्रामसभा बोलवा, कोष समिती निवडा आणि बँकेत खातं उघडा.