पार्श्वभूमी : सोनार सॉफ्टवेअरचे सौदे आणि स्टुडिओतले जुने प्रोजेक्ट

एप्रिल जवळ आला की नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या छोट्या स्टुडिओंत भीमगीतांचे रेकॉर्डिंग रात्र रात्र चालते. पुढे सप्ताहाचे अभंग, मग गणपतीची गाणी. यातले बरेचसे काम गल्लीतल्या दुकानात असेंबल करून घेतलेल्या विंडोज पीसीवर होते. म्हणून परदेशात सोनारसारखे गाणी रेकॉर्ड करायचे एखादे सॉफ्टवेअर विकले गेले तर तो दूरचा मामला राहत नाही. पाच वर्षांपूर्वीचे गाणे पुन्हा उघडायला गेल्यावर तो समोर येतो.

असे व्यवहार जुने आहेत. मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना) आणि ऑडिओ एकत्र आणणारे स्टुडिओ व्हिजन हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये एका अमेरिकी गिटार कंपनीने घेतले आणि थोड्याच काळात त्याचे काम थांबले. जुलै २००२ मध्ये लॉजिक हे असेच सॉफ्टवेअर मॅक बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. त्याच घोषणेत विंडोज आवृत्ती ३० सप्टेंबरला बंद होणार असेही सांगितले होते. विंडोजवाल्यांच्या हाती तीन महिनेही नव्हते. क्युबेस हे तिसरे सॉफ्टवेअर मात्र २००३ मध्ये एका व्हिडिओ कंपनीकडे आणि २००४ च्या अखेरीस जपानी वाद्यनिर्मात्याकडे गेले, आणि आजही चालू आहे. विकले गेले की संपलेच, असा नियम नाही.

खरा वाद सोनारचा. १९८७ मध्ये डॉस या जुन्या प्रणालीवर सुरू झालेले केकवॉक पुढे विंडोजवर सोनार या नावाने वाढले. २०१३ मध्ये ते घेतले त्याच गिटार कंपनीने, जिच्या हाती स्टुडिओ व्हिजन बंद पडले होते. २०१६ मध्ये ग्राहकांना योजना दिली गेली : एकदा पैसे भरा, अपडेट कायम मिळतील. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विकास थांबवल्याची घोषणा झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीने काही मालमत्ता आणि संपूर्ण बौद्धिक संपदा विकत घेतली. आधीच्या मालकाने ग्राहकांना दिलेली हमी तिने स्वतःवर घेतली नाही. कायद्याने यात वावगे नसेल. कोड विकत घेणारा जुनी देणी घेतोच असे नाही. पण ज्याने कायमच्या अपडेटसाठी पैसे मोजले, त्याने दाद मागायची कुणाकडे? आधीचा मालक मे २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, नवा म्हणतो तो करार माझा नव्हे. नव्या मालकाने एप्रिल २०१८ मध्ये सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत केले आणि वाद निवळल्यासारखा झाला. माझ्या मते तो मिटला नव्हता, पुढे ढकलला गेला. पैसे भरणारा आणि न भरणारा एका रांगेत आले, एवढेच.

मोफत आवृत्तीसोबत आधीची बरीच वाद्ये आणि बाहेरचे प्लगइन (आवाजासाठी वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) येत नव्हते. जुने सोनार मशीनवर असेल तर ठीक. नव्या पीसीवर प्रोजेक्ट उघडला तर ट्रॅक दिसायचा, आवाज नाही. शिवाय अ‍ॅक्टिव्हेशन (सॉफ्टवेअर चालायला लागणारी अधिकृत नोंद) टिकवायला अधूनमधून इंटरनेट लागायचे, आणि आपल्याकडे अनेक जण रेकॉर्डिंगचा पीसी मुद्दाम नेटपासून दूर ठेवतात. २०२३ मध्ये पैसे भरून घ्यायच्या नव्या सोनारची घोषणा झाली, २०२५ मध्ये त्याचीही मोफत आवृत्ती आली.

अ‍ॅक्टिव्हेशनबाबत अलीकडचा एक दाखला महत्त्वाचा आहे. स्वरलेखनाचे फिनाले ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर सुरू करता येणार नाही असे जाहीर झाले होते. संगीतकारांनी ओरड केली आणि हा निर्णय लगेच मागे घेतला गेला. असा दबाव आणता येतो. पण क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याला तो आणता येत नाही, आणि मराठवाड्यात अशा प्रती कमी नाहीत.

प्रोजेक्टची फाइल त्या त्या सॉफ्टवेअरच्या मालकावर अवलंबून असते; वेव्ह, म्हणजे नुसत्या आवाजाची फाइल, तशी अवलंबून नसते. गाणे हातावेगळे करतानाच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून वेव्हमध्ये काढावा, टेम्पो आणि पट्टी फोल्डरच्या नावातच लिहावी. पाच मिनिटांच्या गाण्याचे ३० मोनो ट्रॅक २४ बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये सुमारे १.३ जीबी होतात. एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये पूर्ण जयंतीचे काम मावते.