सबवूफर स्पीकरशी जुळवताना

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, घरी आला की पहिल्याच दिवशी बहुतेक जण त्याचा आवाज चढवून बसतात. दणका मिळतो खरा, पण आठवड्याभरात कान थकतात. सबवूफर नीट जुळला की तो वेगळा ऐकूच येत नाही. समोरचे स्पीकरच भरदार झाल्यासारखे वाटतात. म्हणून आवाजाच्या बटणाला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी जागा. आमचा सगळ्यात जास्त भर इथेच असतो. नागपुरातले आपले हॉल म्हणजे विटा-सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल्स. खर्जातले सूर अशा खोलीत भिंतींवरून परततात. कुठे फुगतात, कुठे एकमेकांना मारतात. १५ फूट लांब खोलीत साधारण ३७ हर्ट्झचा सूर समोरच्या-मागच्या भिंतींजवळ घुमतो आणि बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. सोफा नेमका तिथे असेल तर आवाज वाढवून काहीच साधत नाही. सोफाच दोन फूट मागे घ्या.

सबवूफरची जागा ठरवायला तोच उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. खर्ज भरपूर असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने, कान जमिनीजवळ ठेवून, सरकत ऐका. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या जोराचा येतो, तीच त्याची जागा.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. स्पीकर फारच लहान असतील तर १०० पर्यंत जा. त्याहून वर गेलात तर आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतो ते कळायला लागतं. क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) लावला असेल तर सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवा, नाहीतर आवाज दोनदा कापला जातो.

मग फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरच्या लहरींचा मेळ. ८० हर्ट्झचा टोन लावून तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला सबवूफरचा फेज स्विच आधी ० आणि मग १८० वर करायला सांगा. जिथे आवाज जास्त भरीव, ती बाजू बरोबर.

आवाज ठरवायला तबला उत्तम. डग्ग्यावर मनगट सरकवत सूर चढतो, तेव्हा तो मध्येच फुगता किंवा बुडता कामा नये.

हे सगळं कूलर बंद ठेवून करा. कूलरच्या घरघरीत खर्ज झाकला जातो, मग बटण नकळत चढतं आणि पावसाळ्यात कूलर बंद झाला की तोच सबवूफर दणाणतो. मे महिन्यात भल्या सकाळची वेळ बरी.

आमच्याकडून घेतलेला सबवूफर आम्ही घरी येऊन जुळवून देतो. सोफा तेवढा नेहमीच्या जागी ठेवा.