वाढीव वॉरंटी म्हणजे बोटीचा विमा नव्हे
गंगापूर धरणात बोट उतरवायची म्हटलं की नाशकात कुणीतरी हमखास सांगतं, "एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, मग डोक्याला ताप नाही." हे खरं नाही.

अशी वॉरंटी साधारणपणे कारखान्यातल्या दोषापुरती असते. झीज, धडक, हलगर्जी तिच्यात येत नाही. आउटबोर्ड इंजिनाचं (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) नेहमीचं दुखणं घ्या: जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो, सील कापतो, आत पाणी शिरून गिअर ऑइल दुधाळ होतं. खर्च दणदणीत, क्लेम बहुधा नामंजूर. रबरी इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चाक) झिजणं, शिळं पेट्रोल यांचंही तेच. बोट बुडाली किंवा चोरीला गेली, तर विमा लागतो. सर्व्हिसिंगच्या पावत्या नसतील, तर खऱ्या दोषाचा क्लेमही अडकू शकतो.



वॉरंटी संपली की दाद नाही, हीही अफवाच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाची तक्रार, कारण घडल्यापासून २ वर्षांत, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. (धंद्यासाठी घेतलेल्या बोटीला ही वाट सहसा बंद, पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर गोष्ट वेगळी.)

पैसे मोजण्याआधी वगळलेल्या गोष्टींचं पान मागा. विक्रेता ते द्यायला टाळाटाळ करत असेल, तर माझ्या मते घेऊच नका.