मंगाच्या पानावरची ती गप्पांची चौकट

शोजो मंगा, म्हणजे मुलींसाठीची जपानी कॉमिक्स, वाचणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय की पानाच्या कडेला जी उभी चौकट असते, जिच्यात लेखिका आपल्याशी थेट बोलते, ती इंग्रजी अनुवादवाल्यांनी मागाहून घातलेली असते. अजिबात नाही! मूळ जपानी पुस्तकातच असते ती. आणि ती जागा आली कुठून हे तर फारच भारी आहे, म्हणजे बघा, कथा आधी मासिकात येते, तिथे काही पानांवर जाहिरातीसाठी पट्टा मोकळा सोडूनच चित्रं काढावी लागतात, मग पुस्तक निघतं तेव्हा जाहिरात जाते आणि जागा रिकामी उरते, ती भरायला लेखिका स्वतः लिहितात, तब्येत, पत्रांबद्दल थँक्स, काहीही. फ्रूट्स बास्केट या मंगामध्ये तिच्या लेखिका नात्सुकी ताकाया व्हिडिओ गेम्सबद्दल किती मनापासून लिहितात ते वाचाच.

हां, मासिकात पानाच्या अगदी कडेला 'आता पुढे काय' टाइप ओळी असतात त्या मात्र संपादकाच्या, यातही खूप जण गल्लत करतात. वन पीस या मंगाचं एसबीएसही वेगळं, ते खंड ४ पासून सुरू झालेलं वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर.

काही नव्या आवृत्त्यांत या चौकटी काढूनच टाकतात, मला फार वाईट वाटतं.