बोट ट्रेलरचे दिवे: दिवा गेला आहे की ग्राउंड?

अमेरिकेत हिवाळा सरून बोटी पाण्यात उतरवायचे दिवस आले की ट्रेलरचे न पेटणारे दिवे बदलण्याची लगबग सुरू होते, आणि नवे दिवे बसवूनही ते जुन्यांसारखेच मिणमिणतात ही तक्रार पाठोपाठ येते. याचे कारण बहुधा एकच असते. दिवा निकामी होणे आणि दिव्याचा ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, तुटणे हे दोन स्वतंत्र बिघाड आहेत, आणि दुसऱ्यावर पहिल्याचा इलाज केला जातो.

दिवा कसा जातो हे सर्वांना ठाऊक आहे. फिलामेंट तुटते, किंवा तापलेला दिवा बोट उतरवण्याच्या रॅम्पवर थंड पाण्यात बुडाल्याबरोबर पाणी आत ओढले जाते आणि सॉकेट गंजते. अशा वेळी तेवढाच दिवा बंद पडतो, बाकीचे नीट चालतात. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या चार पिनांच्या चपट्या प्लगमधील तारांचे रंगही अनेकांना पाठ असतात: तपकिरी तार मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या इंडिकेटर-ब्रेकची. चौथी पांढरी तार ग्राउंडची, आणि नेमके तिच्याकडेच कोणी पाहत नाही.

ग्राउंड गेला म्हणजे दिव्यापर्यंत वीज पोहोचते, पण तिला परतीची वाट उरत नाही. पुष्कळ ट्रेलरवर ही वाट दिव्याच्या बोल्टमधून सांगाड्यात आणि सांगाड्यातून पुढे स्क्रूने आवळलेल्या पांढऱ्या तारेत जाते. खाऱ्या पाण्यात वारंवार बुडणाऱ्या ट्रेलरवर यातला प्रत्येक सांधा गंजतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर स्टीलचा बोल्ट असेल तर अधिकच लवकर. मग विचित्र लक्षणे दिसू लागतात. ११५७ क्रमांकाच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक मागच्या लाल दिव्याचे आणि दुसरे इंडिकेटर-ब्रेकचे, आणि दोन्हींचा ग्राउंड सामाईक असतो. डाव्या दिव्याचा तो ग्राउंड तुटला की इंडिकेटरची वीज एका फिलामेंटमधून दुसऱ्यात आणि तिथून उलटी तपकिरी तारेत शिरते, आणि उजव्या दिव्याच्या ग्राउंडमधून बाहेर पडते. म्हणून इंडिकेटर डावा दिला असताना उजवा लाल दिवाही त्याच तालात मंद लुकलुकतो. मागचे दिवे चालू असताना ब्रेक दाबला, तर दोन्ही फिलामेंटच्या टोकांना सारखेच व्होल्टेज मिळते आणि तो दिवा उजळण्याऐवजी चक्क विझतो. एका बटणाने दुसराच दिवा हलू लागला, तर नवा दिवा विकत घेऊ नये.

एलईडी दिव्यांत वीज अशी उलटी वाहत नाही. त्यामुळे तिथे ही ओळखीची खूण मिळत नाही, दिवे नुसते बंद राहतात किंवा फडफडतात, आणि उत्तम एलईडी दिवे सदोष ठरवून दुकानात परत केले जातात. म्हणून संशय आल्यास दिव्याची दोन्ही टोके आधी थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून पाहावीत. पेटला तर दिवा निर्दोष आहे. तार अखंड असल्याचे सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या नुसत्या 'बीप'वर मात्र विसंबू नये. गंजून एकच तंतू उरलेली तारही बीप देते, पण दिव्याचा भार तिला पेलत नाही. दिवा चालू ठेवून त्याचा ग्राउंड आणि गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक यांतील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असायला हवे.

खरोखरच दिवे बदलायचे असतील, तर पावसात टिकणारे नव्हे, पाण्यात बुडण्यासाठी बनवलेले सीलबंद दिवे घ्यावेत आणि ट्रेलर ८० इंचांहून रुंद आहे का तेवढे पाहावे, कारण तसे असल्यास जादा दिवे लावावे लागतात. माझा खरा आग्रह पुढे आहे: सांगाड्यावर भरवसा न ठेवता प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पांढरी तार द्यावी, ती कथिल चढवलेल्या तांब्याची असावी, आणि प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तारेचे आवरण कापून चिमटा बसवणारे ते निळे-लाल प्लास्टिकचे जोड बोट ट्रेलरवर मुळीच वापरू नयेत. त्या कापातूनच खारे पाणी आत शिरते.

काम झाल्यावर प्लग जोडलेला ठेवून, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावून, कपलर (ट्रेलरचे पुढचे जोडटोक) गाडीच्या हिच बॉलवरून (ते ज्यावर बसते त्या धातूच्या गोळ्यावरून) उचलावा. त्या क्षणी दिवे मंदावले, तर ग्राउंड अजूनही बॉलच्या ग्रीसमधूनच वाट काढत आहे आणि पांढऱ्या तारेचे प्लगकडचे टोक पुन्हा तपासायला हवे.